अननसाच्या बुंध्यातलं औषध

माझ्या आईला सायनसचा जुना त्रास. सर्दी साचली की कपाळ ठणकायचं. कुणीतरी सांगितलं, "अननस खा, सूज उतरेल." तिने आठवडाभर रोज अननस खाल्ला. कपाळ ठणकायचं थांबलं नाहीच, वर जीभ हुळहुळी झाली!

गंमत अशी, की या औषधाचा इतिहास त्या हुळहुळण्याशी जोडलेला आहे. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे आला, नावासकट. १८९१ मध्ये व्हेनेझुएलातले रसायनशास्त्रज्ञ व्हिसेंते मार्कानो यांना त्याच्या रसात प्रथिनं पचवणारं द्रव्य सापडलं. तेच जिभेलाही झोंबतं. पुढे त्याचं नाव ब्रोमेलेन असं रूढ झालं.

खरी कलाटणी मिळाली १९५७ मध्ये. हाइनिके आणि गॉर्टनर या संशोधकांनी दाखवून दिलं, की फळ काढल्यावर वाया जाणाऱ्या बुंध्यात हे द्रव्य मुबलक असतं. तेव्हापासून गोळ्या सुरू झाल्या, त्या बुंध्यापासून! शस्त्रक्रियेनंतर नाकाला आणि सायनसला येणाऱ्या सुजेवर त्या वापरायला जर्मनीतल्या तज्ज्ञ समितीने १९९० च्या दशकात मान्यता दिली. मात्र नेहमीच्या सायनसवरचे प्रयोग छोटे आहेत, त्यांचा पुरावा तोकडा आहे.

म्हणजे आई खात होती फळ, आणि औषध होतं बुंध्यात. मग तिने गोळी आणायचं ठरवलं. डॉक्टरांनी वेळीच अडवलं. तिला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती; दोन्हींनी मिळून रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

अननस ती आजही खाते. आवडतो म्हणून.