गणपतीची शाळा

कोकणात ज्या पडवीत गणपती घडतात, तिला शाळा म्हणतात. ‘गणपतीचा पाट शाळेत दिलाय’ असं आजी म्हणाली, तर नवख्याला वाटावं, पाटाला पहिलीत घातलं. पेणच्या बाजूला धंदा वाढला, हमरापूर, जोहे, कळवे या गावांत घरोघरी मूर्ती होऊ लागल्या आणि शाळेचा कारखाना झाला. मला जुनं नावच जास्त पटतं.

संस्कृतातली शाला म्हणजे छपराखालची जागा. तिथे शिकवलंच पाहिजे अशी अट नाही: गोशाळा, पाकशाळा, धर्मशाळा. चित्रशाळा त्यातलीच. पुण्यात १८७८ साली निघालेल्या छापखान्यानेही तेच नाव घेतलं. शहरात आपण ‘पॉटरी स्टुडिओ’ म्हणतो. गंमत म्हणजे स्टुडिओ हा शब्द इटलीत अभ्यासाच्या खोलीपासून निघालेला. म्हणजे फिरून शाळाच.

या शाळेत एक गोष्ट मात्र नसते, ती म्हणजे भट्टी. भाद्रपद चतुर्थीचा गणपती पार्थिव, म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. (वर्तमानपत्रांनी हा शब्द आता अंत्ययात्रेलाच देऊन टाकलाय, ते सोडा.) दीड, पाच, दहा दिवसांनी तो पाण्यात विरघळायला हवा. भट्टीतून निघालेलं मडकं फुटेल, झिजेल, पण त्याचा पुन्हा चिखल होणार नाही. इथलं सगळं तंत्र या एका अटीतून आलंय: माती कच्चीच राहणार, तरी तिला तडा जाता कामा नये.

ही माती म्हणजे शाडू. ती पेणची नाही, गुजरातेतल्या भावनगरकडून येते. करडी, मैद्यासारखी मऊ. एका कारखान्यात मी दोन दिवस बसलो, तेव्हा तिथल्या काकांनी आधी मूर्तीला हातच लावू दिला नाही. रात्रभर भिजलेला शाडू पुढ्यात टाकला आणि म्हणाले, ‘मळा.’ कणीक मळतो तसं वाटलं, पण कणीक लवकर ऐकते. खडा लागला की काढायचा, गोळा दुमडायचा, तळहाताच्या टाचेने दाबायचा. झाला का, हे गोळ्याकडे बघून कळत नाही. करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. चिरली तर पाणी कमी, बोटाला चिकटली तर जास्त.

मग उंदीर. गणपतीआधी उंदीर, हा इथला श्रीगणेशा. धड जमलं, कान जमले. शेपूट मी नुसती दाबून चिकटवली आणि वरून पाण्याचं बोट फिरवून सांधा गुळगुळीत केला. काका बघत होते, बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शेपूट पाटावर वेगळी पडली होती. तेव्हा कोरणी हातात दिली. दोन्ही बाजू आधी खरवडायच्या, त्यात पातळ शाडू भरायचा, मग दाबायचं. पाण्याने सांधा दिसेनासा होतो, जुळत नाही. नवशिक्याचा हात सारखा पाण्याच्या वाटीत जातो आणि तडा तिथूनच सुरू होतो. शाडू सुकताना आकसतो. पातळ कान आधी सुकला, जाड डोकं ओलं राहिलं, की दोघं एकमेकांना ओढतात. म्हणून वर ओलं फडकं, आणि वाळवण सावलीत. उन्हात ठेवणारा घाईत असतो.

साच्याचं कामही याच तत्त्वावर चालतं. शाडूची पोळी साच्यात दाबायची, दोन अर्धी जोडायची, हात वेगळे बसवायचे. आता रबराचे साचे आले. आधी प्लास्टरचे होते, आणि ते शाडूला फार मानवत. कोरडं प्लास्टर मातीतलं पाणी ओढतं, माती जराशी आकसते आणि आपसूक सुटते.

पुढे साच्यातलं हेच प्लास्टर ऑफ पॅरिस मूर्तीत शिरलं. जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास तापवला की त्यातलं बरंचसं पाणी उडतं. ती पूड भिजवली की ते पाणी परत घेते आणि काही मिनिटांत दगड होते. पॅरिसचं नाव मोंमार्त्रच्या टेकडीखालच्या खाणींमुळे चिकटलं. शाडू पाणी सोडून कडक होतो, प्लास्टर पाणी पिऊन. म्हणूनच प्लास्टरचा गणपती पाण्यात तसाच बसून राहतो. हलका, स्वस्त, लांबच्या प्रवासात न तुटणारा, त्यामुळे कारखानदारांनी तो उचलला यात नवल नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये त्याला मनाई सुचवली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घडवण्याची वाट मोकळी केली, विसर्जनाच्या अटी राहिल्या. ज्यांचं वर्षाचं पोट यावर आहे त्यांना मी शाडूचं प्रवचन देणार नाही.

निघताना माझा उंदीर रुमालात गुंडाळू लागलो, तर एक कान हातात आला. काकांनी उंदीर घेतला, कान घेतला, आणि दोन्ही भिजत घातलेल्या शाडूच्या घमेल्यात टाकले.

‘उद्या मळायला होईल,’ म्हणाले.