नाव बदललं, जमीन तिथंच

१९४९ साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला. १९६०मध्ये त्याचंच नाव सांगली झालं. शिराळ्याची वीतभर जमीन हलली नाही. बदलली ती नोंद. आणि शिराळा म्हणा, बत्तीस शिराळा म्हणा, गाव एकच. तत्त्वज्ञानात आपण नाम आणि वस्तू असा भेद करतो, तो हाच.

१९६९मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि सहकाऱ्यांनी युनिक्सची फाइल-व्यवस्था रचली, ती याच भेदावर. तिथं प्रत्येक फाइलची क्रमांक घातलेली एक नोंद असते. तिला आयनोड म्हणतात. मालक कोण, आकार किती, मजकूर डिस्कवर कुठं, हे सगळं तिच्यात असतं. नाव मात्र नसतं. ते डिरेक्टरीत राहतं आणि फक्त आयनोडचा क्रमांक सांगतं. म्हणून एका फाइलला दोन नावं चालतात. एक पुसलं तरी फाइल राहते.

मग शेवटचं नाव पुसलं तर? जागा मोकळी झाल्याची नोंद होते. पण फिरत्या चकतीच्या डिस्कवर मजकूर बहुधा तसाच पडून असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. तेव्हा एखाद्या पतसंस्थेनं जुना संगणक भंगारात देताना नुसत्या फाइली डिलीट करून भागत नाही. डिस्क पूर्ण पुसावी, नाहीतर फोडावी. त्यात खातेदारांची माहिती असते.