चूल, वैल आणि कुकर: स्वयंपाकघरातल्या इंधनबचतीचा इतिहास

घरातली ऊर्जाबचत म्हटलं की आज आपल्याला एलईडीचे दिवे आठवतात, फ्रिजवरचे तारे आठवतात, गच्चीवरचं सौर पॅनेल आठवतं. पण या विषयाचा इतिहास बघायचा तर आधी स्वयंपाकघरात शिरावं लागतं. भारतातल्या बहुसंख्य घरांत पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांत जास्त इंधन लागलं ते अन्न शिजवायला. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत हे इंधन वाचवण्यासाठी कितीतरी साधनं आपल्या घरात आली. काही दोन पावसाळ्यांत अडगळीत गेली आणि काही अशी रुळली की ती नवी होती हेच आपण विसरलो. असं का झालं, एवढाच प्रश्न आज आपण घेऊ.

सुरुवात जुन्या चुलीपासून करू. साध्या चुलीत जाळलेल्या लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्याला मिळते, असं मोजमाप सांगतं. मग ती चूल पेटवणारी बाई उधळी होती का? मुळीच नाही. चुलीला जोडून वैल असायचा. पुढे भाकरी चालू असताना वाया जाणाऱ्या आचेवर मागे वैलावर आमटी नाहीतर दूध. भाकरी तव्यावरून उतरली की आरावर फुगवायची. उसळीच्या पातेल्यावर ताटलीत पाणी ठेवायचं आणि तेच गरम पाणी लागेल तसं आत घालायचं. डाळ आणि कडधान्य आधी भिजत घालायचं. याला कुणी ऊर्जासंवर्धन म्हणत नव्हतं. सरपण डोक्यावरून वाहून आणावं लागत होतं, त्यामुळे ते जपून वापरलं जात होतं. या घरात अडचण होती ती धुराची. डोळे चुरचुरणं, खोकला, काळ्याकुट्ट भिंती हे बायकांच्या नशिबाचं म्हणून धरलं गेलं होतं.

या धुराकडे संघटितपणे लक्ष गेलं ते वर्ध्यात. डिसेंबर 1934 मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचं केंद्र होतं मगनवाडी आणि कामाची धुरा होती जे. सी. कुमारप्पांकडे. निसर्ग जे पुन्हा भरून देतो त्यावर जगायचं की जे एकदाच मिळतं ते उपसत राहायचं, हा कुमारप्पांचा मूळ प्रश्न. 1945 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या पुस्तकात त्यांनी तो मांडला. मगनवाडीत हा विचार वस्तूंमध्ये उतरला. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगन दीप तिथे तयार झाला आणि 1947 च्या सुमारास मगन चूल आली. मातीचीच चूल, पण भांड्यांची तोंडं एकामागे एक आणि शेवटी धुराडं. म्हणजे वैलाचंच तत्त्व पुढे नेलं, आणि धुराला बाहेरची वाट दिली.

त्याच सुमारास हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू अशाच चुलीवर काम करत होते. 1953 साली त्यांची पुस्तिका निघाली. तिचं नाव बघा, ‘स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स’. नावात पहिला शब्द धुराचा आहे. लाकूड वाचलं तर उत्तम, पण आधी बाईला श्वास घेता आला पाहिजे, असा या पिढीचा क्रम होता.

पुढे हा क्रम बदलला. 1973 मध्ये जगभर तेलाच्या किमती भडकल्या. 1975 मध्ये एरिक एकहोम यांनी सरपणाच्या टंचाईला ‘दुसरं ऊर्जासंकट’ म्हटलं. खेड्यांतल्या चुली जंगलं खाताहेत, ही भीती पसरली. खरं तर खेड्यातली चूल बरीचशी काटक्या, तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांवर चालत होती. पण भीती मोठी होती, आणि 1983 च्या अखेरीस केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला. आता चुलीची परीक्षा प्रयोगशाळेत होऊ लागली. ठरावीक लाकडात किती पाणी तापतं ते बघायचं. बांधीव चुलीला किमान 20 टक्के कार्यक्षमता हवी, उचलत्या चुलीला 25 टक्के. गावागावांत कारागिरांना प्रशिक्षण मिळालं, अनुदान मिळालं. आपल्याकडे महाराष्ट्रात कुंभारांना यात आणलं गेलं, चूल विकत घ्यायची वस्तू झाली. 2002 मध्ये कार्यक्रम थांबला तोवर देशात साधारण साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली होती.

साडेतीन कोटी हा आकडा छोटा नाही. पण तो बसवलेल्या चुलींचा आहे, पेटत राहिलेल्या चुलींचा नाही. धुराड्यात काजळी साचते, ती काढली नाही तर धूर परत घरात. माती तडकते, ती वेळच्या वेळी लिंपावी लागते. भांड्याचं तोंड बारीक असेल तर मोठं पातेलं बसत नाही, आणि मग घरातलीच कुणीतरी सळई घेऊन ते मोठं करते. ते मोठं झालं की आतल्या मापांचं सगळं गणित बिघडलं. शिवाय प्रयोगशाळेत पाणी उकळत होतं आणि घरात भाकरी भाजायची होती! भाकरीला पुढे आर ओढावा लागतो. ज्या चुलीत तो ओढता येत नाही, ती कितीही कार्यक्षम असली तरी तिच्यावर भाकरी फुगत नाही.

हे पुढे एका मोठ्या अभ्यासातही दिसलं. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशातल्या सुमारे 2,600 घरांचा चार वर्षं मागोवा घेतला. सुधारित चुलीमुळे पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. नंतर तो फरक उरला नाही, कारण चुली नीट राखल्या गेल्या नाहीत आणि नियमित वापरल्याही गेल्या नाहीत. इंधनाचा खर्चही कमी झाला नाही. हा अभ्यास 2012 मध्ये पुढे आला. यावर ‘लोकांना कळत नाही’ असं म्हणणं सोपं आहे. पण चूल राखायचं जास्तीचं काम कुणाच्या अंगावर पडलं, हे विचारलं की उत्तर वेगळं येतं.

सौरचुलीचंही तसंच. 1950 च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने सौरचूल तयार केली. इंधन फुकट, धूर शून्य. तरी ती घरोघरी चालली नाही. शेतावर जाणाऱ्या बाईची भाकरी ऊन वर यायच्या आत झालेली असते आणि रात्रीचा स्वयंपाक ऊन गेल्यावर सुरू होतो.

आता कुकर बघा. 1910 च्या सुमारास कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर केला होता. खाली कोळसा, वर एकावर एक डबे, सगळं हळूहळू शिजायचं. प्रेशर कुकर भारतात बनू लागला तो 1959 च्या सुमारास. दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या पुढे, साधारण 120 अंशांपर्यंत जाऊन उकळतं, त्यामुळे डाळ लवकर शिजते. खाली डाळ, वर भात, त्यावर बटाटे, एकाच आचेवर. त्याने इंधन भरपूर वाचवलं. पण तो घरात शिरला तो इंधनासाठी नाही, वेळासाठी. तीन शिट्ट्या होईपर्यंत दुसरं काम होतं. ‘कुकर लावला’ हे मराठी क्रियापद झालं, एवढा तो आपला झाला. रबर गेलं, व्हॉल्व्ह गेला तर सुटा भाग कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळायचा, हेही विसरू नका.

1978 मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था स्थापन झाली. झाकण ठेवा, डाळ भिजवा, आच लहान करा, हे सल्ले तेव्हापासून आपण ऐकत आलो. ते योग्यच आहेत, पण ऐकणाऱ्या बाईला त्यात नवीन काही नव्हतं.

1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत गॅस पोचला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधन वापरणारी घरं 58.6 टक्के होती. ग्रामीण भागात मात्र 43.2 टक्केच. आणि गॅस असलेल्या अनेक घरांत चूलही पेटते. चहा गॅसवर, आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर. सिलिंडर महाग आहे आणि काटक्या पैसे मागत नाहीत, निदान रोख तरी मागत नाहीत.

मंडळी, आज आपल्यापुढे इंडक्शन आहे, सौर पॅनेल आहे, उद्या आणखी काही येईल. ते येऊ द्या, आलंच पाहिजे. फक्त घरात आणण्यापूर्वी आपण तीन गोष्टी विचारू. हे रोज वापरणार कोण आणि तिला विचारलंय का? बिघडलं तर जवळपास दुरुस्त होईल का? आणि आपल्या घरात जे शिजतं ते यावर होतं का? मगन चुलीपासून आजवर ज्या साधनाला या तिन्हींची उत्तरं देता आली, ते टिकलं. पुढच्या व्याख्यानात आपण रॉकेलच्या स्टोव्हकडे आणि रेशनच्या रांगेकडे वळू. आज इथेच थांबतो.