माग शिवेपर्यंत

बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या आमच्या युसूफ वडगावात पोलीस ठाणं आहे. आसपासच्या खेड्यांतली भांडणं, चोरीला गेलेल्या पाण्याच्या मोटारी, हरवलेल्या म्हशी हे सगळं त्या एका दारात येऊन थांबतं. त्यामुळं आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टींत चोर आणि राखणदार दोघंही पुष्कळ. राजा-राणी कमी.

आज्ज्याच्या गोष्टीत पोलीस मात्र क्वचितच दिसे. निजामाच्या राज्यात ठाण्याचा मुख्य तो अमीन. अमीनसाहेब येणार म्हटलं की आधी कोंबड्या लपवायच्या, मग माणसं. चोरी झाली तर अमीनसाहेबाची वाट कुणी बघत नसे. गावचा येसकर, म्हणजे वेशीचा राखणदार, भल्या पहाटे येऊन फोडलेल्या भिंतीजवळ उकिडवा बसे. मातीच्या भिंतीला पडलेलं भगदाड, बाहेर सांडलेली माती, आणि त्यातलं एखादं स्वच्छ उमटलेलं पाऊल. त्या पावलावर तो पाटी पालथी घाली, वर दगड ठेवी, म्हणजे वारा लागू नये, कोंबडीनं उकरू नये. मग काटकी घेऊन लांबी मोजायची, टाचेशी रुंदी मोजायची, काटकीवर नखानं खूण करायची. आज्जा हे सांगताना स्वतः बोटांनी माप दाखवायचा. "डावा पाय घासत चालतोय, खांद्यावर वझं हाय," एवढं तो येसकर पावलावरून सांगे म्हणे.

आणि मग माग निघे. गावची चार माणसं येसकराच्या मागं. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की थांबायचं, त्या गावच्या लोकांना बोलवायचं आणि माग त्यांच्या हवाली करायचा. पुढं काढायचं काम त्यांचं. त्यांना माग पुढच्या शिवेपर्यंत नेऊन देता आला नाही, तर चोरीची भरपाई त्यांच्या डोक्यावर. ही नुसती आज्ज्याची ऐट नव्हती. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननं १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यातही गावाच्या जागल्यावर, म्हणजे राखणदारावर, हीच जबाबदारी असल्याचं नोंदलेलं आहे. दख्खनभर हा रिवाज होता. मला त्यातलं शहाणपण पावलं ओळखण्यात दिसत नाही, भरपाईत दिसतं. राखण करणाऱ्या गावाला चुकीची किंमत मोजावी लागे, म्हणून गाव नीट राखण करी.

पण किंमत मोजी कोण आणि जागे कोण, हे आज्जा कधी सांगत नसे. येसकर महाराचा. त्याचं घर वेशीबाहेर. गावच्या मालाचा राखणदार तो, आणि त्याला गावात अंग चोरून चालावं लागे, दारोदार भाकरी मागावी लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात ही कामं गळ्यात बांधणाऱ्या महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं, तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं आणि ती बातमी गावात पोचायलाही वेळ लागला असेल. आज्ज्याला त्या येसकराची काटकी आठवत होती. त्याचं नाव मी विचारलं, तर तो तंबाखू मळत राहिला.

आज्जीच्या गोष्टी वेगळ्या. १९४८ सालचा पावसाळा, निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांची दहशत. आमच्याकडची घरं माळवदाची. एका माळवदावरून दुसऱ्यावर पाय टाकत गल्लीच्या टोकापर्यंत जाता येई. पोरं रात्री वर बसत, जवळ गोफणगुंड्यांचा ढीग. इशारा द्यायला ताटली. त्या दिवसांत पोलिसांना खबर द्यायची सोय नव्हती, कारण खबर कुठून कुठं जाईल याचा भरवसा नव्हता. १३ सप्टेंबरला भारताचं सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं, १७ तारखेला निजाम शरण आला. म्हातारी माणसं त्या घटनेला अजून 'पोलीस ॲक्शन' म्हणतात.

त्यानंतर काय झालं ते आज्जी आवाज उतरवून सांगे. जी ताटली रझाकारांसाठी ठेवली होती, तिची गरज आता मुसलमान शेजाऱ्यांना होती. त्यांच्यावर झालेल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड ही नावं घेतली. उस्मानाबादची हद्द आमच्यापासून लांब नाही. गावाच्या नावातच युसूफ असलेल्या माणसांनी हे विसरू नये, असं मला वाटतं. जागं असलेलं गाव कुणासाठी जागं आहे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पोलीस पाटील हा आज्ज्याच्या डोळ्यांसमोर बदलत गेलेला माणूस. पूर्वी वतन असे, बापाकडून पोराकडं जाई. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ साली आला. आता उपविभागीय दंडाधिकारी नेमणूक करतात, परीक्षा असते, आरक्षण असतं, बायकाही या पदावर येतात. कामं मात्र जुनीच: गावात कोण नवं आलं, कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुठं बेवारस मेलेलं माणूस सापडलं, हे ठाण्याला कळवायचं. त्याच्या शेजारी गावकऱ्यांचं ग्रामसुरक्षा दल. पोलीस कायद्याच्या कलम ६३ ब मध्ये या दलांची तरतूद आहे, पण आमच्याकडं दल जागं होतं ते चार घरं फुटल्यावर. मग शिट्ट्या येतात, बॅटऱ्या येतात, पाळ्यांची यादी लागते. महिनाभरानं शिट्ट्या पोरांच्या गळ्यात.

२०२४ च्या उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सांध्यावर बीड-जालन्यातल्या गावांवर रात्री ड्रोन फिरत असल्याची हूल उठली. चोर आधी वरून घरं बघतात, असं बोललं जाऊ लागलं. माणसं रात्र रात्र माळवदावर, आता स्लॅबवर. अशाच एका रात्री माझी चुलती फोनवर म्हणाली, "आज्जीच्या वेळंला खालून येत हुते, आता वरनं येतेत."

हसू येतं, आणि धास्तीही वाटते. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवतं. १ जुलै २०१८ ला पोरं पळवणारी टोळी समजून तिथं पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे. आमच्या पारध्यांच्या पालांवर गस्तीची बॅटरी सगळ्यांत आधी का फिरते, याचं उत्तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, बॅटरीला अजून कळलेलं नाही. गस्तीसोबत एक तरी शिपाई असावा, हे मी त्यासाठीच म्हणतो. चोर पकडण्यापेक्षा गावाचा हात आवरायला.

पोलिसांवरचा भरवसाही फार जाड नाही. ९ डिसेंबर २०२४ ला आमच्याच तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण होऊन खून झाला, आणि पोलिसांनी वेळेवर हालचाल केली नाही असा आरोप गावानं केला. त्यानंतर नव्या पोलीस अधीक्षकांनी जिल्ह्यातल्या पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढून नुसतं नाव ठेवायला सांगितलं. आडनाव गेलं म्हणून जात कुणाला कळत नाही असं नाही. तरी ठाण्यात पाय ठेवताना आधी पाटी वाचणारी आमची नजर त्यांनी ओळखली, हे बरं केलं.

खरी राखण लागते ती दसऱ्यानंतर. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, गाड्या कोल्हापूर-सांगलीकडं, कर्नाटकात जातात, आणि गल्लीच्या गल्ली कुलपात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. अशा घरांची नोंद पोलीस पाटलाकडं द्यावी, कारखान्याचं नाव आणि फोन नंबर लिहावा, गस्तीत त्या दारांवरून चक्कर मारावी, असं ठाण्याच्या बैठकीत सांगतात. बरोबरच आहे. पण माझ्या चुलतीच्या शेजारणीनं नोंद द्यायला साफ नकार दिला. तिच्या लेकानं एका मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, आणि यंदा तो गेला दुसऱ्याच्याच टोळीत. वहीत कारखान्याचं नाव लिहिलं आणि ते पहिल्या मुकादमाच्या कानावर गेलं, तर तो तिथं जाऊन लेकाला उचलून आणील, ही तिची भीती. चोराला काय, तिच्या घरात दोन पोती ज्वारी सापडणार.

पोलीस पाटलानं शेवटी वहीत फक्त घर आणि गल्ली लिहिली. कारखान्याची जागा कोरी ठेवली, आणि किल्ली चुलतीकडं.