हँडलची पकड : मोटारसायकलच्या एका जोडाचा इतिहास

मोटारसायकलचे हँडल जागेवर राहते ते घर्षणाच्या जोरावर. बहुतेक गाड्यांत हँडलचा पाईप दोन क्लॅम्पमध्ये आवळलेला असतो. क्लॅम्पचा खालचा भाग फोर्कच्या वरच्या ‘टी’वर, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय वरून जोडणाऱ्या पट्टीवर, पक्का बसतो आणि वरची टोपी बोल्टांनी कसली जाते. पकड कमी पडली, की अंगाचा भार हातांवर येताच पाईप आतल्या आत फिरतो. त्याबरोबर ब्रेक आणि क्लचचे लिव्हरही फिरतात आणि ऐन वेळी बोटांना सापडत नाहीत. या साध्या जोडाला आजचे रूप यायला काही दशके लागली.

पहिल्या मोटारसायकली सायकलीच्या कारखान्यांतून निघाल्या. रेडिचच्या रॉयल एनफील्डने १९०१ मध्ये आणि कॉव्हेन्ट्रीच्या ट्रायम्फने १९०२ मध्ये मोटारसायकल काढली. दोन्ही कंपन्या आधीपासून सायकली बनवत होत्या. त्यामुळे हँडल बसवण्याची सायकलीची रीतच पुढे चालू राहिली. हँडलचा उभा दांडा फोर्कच्या नळीत उतरवायचा आणि वरून लांब बोल्ट आवळायचा. बोल्ट खालचा कोन वर ओढतो, दांड्याचे चिरलेले टोक फुगते आणि नळीला आतून घट्ट धरते. ही पकड ढिली झाली तर हँडल चाकाशी तिरके होते. पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून ते सरळ करण्याचा उपाय सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

इंजिने जड आणि वेगवान झाली, तशी ही रीत अपुरी पडू लागली. दोन महायुद्धांच्या दरम्यान अनेक ब्रिटिश गाड्यांत स्टिअरिंग डॅम्परचा, म्हणजे हँडलचे हेलकावे आवरणाऱ्या यंत्रणेचा, दांडा त्याच नळीतून जात असे, त्यामुळे ती पोकळी हँडलसाठी मोकळी राहिली नाही. हँडल बाहेर आले आणि क्लॅम्पमध्ये धरले जाऊ लागले. यात चालवणाऱ्याची मोठी सोय झाली. बोल्ट सैल करून हँडल आपल्या उंचीप्रमाणे पुढे-मागे कलवता येऊ लागले. पण हवे तसे फिरवता येणारे हँडल नको तेव्हाही फिरू शकते. ही अडचण त्या सोयीबरोबरच आली.

तिचे मूळ मापांत आहे. हँडलच्या पाईपचा रूढ व्यास ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर. ब्रिटिशांनंतर जपानी कारखान्यांनीही तोच ठेवला. मूठ क्लॅम्पच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर दूर असली, तर हाताचा जोर त्या अंतरावरून लागतो आणि घर्षणाला मात्र जेमतेम ११ मिलिमीटरची त्रिज्या मिळते. म्हणजे हाताच्या बाजूला जवळजवळ चौदापट तरफ असते. पाईपवर तेल लागले किंवा क्लॅम्पमध्ये रंगाचा थर राहिला, की हा तोल बिघडतो. साठच्या दशकात अमेरिकेत चॉपर गाड्यांवर खांद्याइतकी उंच हँडले आली, तेव्हा तरफ आणखी वाढली. पाईपच्या मधल्या भागावर बारीक जाळीदार खाचा पाडण्याचा, म्हणजे नर्लिंगचा उपाय अशा हँडलांना विशेष उपयोगी पडतो. हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांवर एक इंची जाड पाईपही रूढ झाला.

त्याच दशकात ट्रायम्फने हँडलची थरथर कमी करण्यासाठी क्लॅम्पचे बोल्ट रबरी बुशांत बसवले. तिथे एक नवा घोटाळा सुरू झाला. जुने रबर मऊ पडले की हँडल घसरल्यासारखे हलते आणि कितीही आवळले तरी गुण येत नाही. अशा वेळी बुश बदलावे लागतात.

जपानी कारखान्यांनी बसवण्याची पद्धत बारकाईने ठरवून दिली. होंडाच्या हँडलवर ठोकून केलेला एक ठिपका असतो; तो क्लॅम्पच्या फटीशी जुळवायचा, टोपीवरची खूण पुढे ठेवायची, पुढचे बोल्ट आधी पुरते आवळायचे आणि मग मागचे. अशा रचनेत पुढची कड टेकते आणि फट मागच्या बाजूला राहते. १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० भारतात आल्या आणि जपानी धाटणीचे हे काम इथल्या गॅरेजांच्या रोजच्या कामाचा भाग झाले.

स्कूटरने वेगळा मार्ग घेतला. १९४६ च्या व्हेस्पापासून चालत आलेल्या रचनेत हँडल स्टिअरिंगच्या दांड्यावर बसते आणि आवळणारा बोल्ट दांड्यातल्या खाचेतून आडवा जातो. बजाजने पुण्याजवळ आकुर्डीत १९७२ पासून बनवलेली चेतक याच घराण्यातली. इथे घर्षणाला लोखंडाचा अडसर मिळतो. मात्र हँडलचा कल बदलता येत नाही.

घसरणाऱ्या हँडलची दुरुस्तीही याच इतिहासातून घडली. आधी पाईप आणि क्लॅम्प पेट्रोलने पुसून कोरडे करायचे, रंग खरवडायचा आणि पाईपचे माप तपासायचे. झिजलेल्या क्लॅम्पमध्ये पत्र्याची पातळ पट्टी घालून किंवा टोपीच्या कडा घासून पकड परत आणण्याची युक्ती जुनी आहे, पण ती घरी पोचण्यापुरतीच. जास्त जोर लावला तर ॲल्युमिनियममधले आटे जातात आणि टोपीला तडा जातो. झिजलेला क्लॅम्प बदलणे हाच पक्का इलाज.

इंग्लंडमध्ये १९६९ मध्ये स्थापन झालेल्या रेन्थलसारख्या कंपन्यांनी ॲल्युमिनियमची हँडले रूढ केली. पुढे क्लॅम्पपाशी २८.६ मिलिमीटर जाड आणि मुठीपाशी २२ मिलिमीटर अशी निमुळती हँडले आली. मधल्या जाडीमुळे पाईप कमी वाकतो आणि घर्षणालाही मोठी त्रिज्या मिळते. आज अनेक ऑफरोड आणि स्ट्रीट गाड्यांवर कारखान्यातूनच अशी हँडले बसवलेली असतात.