लोणी देवकर : गावाने घेतलेले आडनाव

लोणी नावाची गावे एकट्या पुणे जिल्ह्यात अनेक आहेत. हवेली तालुक्यात लोणी काळभोर आणि लोणी कंद, बारामतीत लोणी भापकर, इंदापुरात पुणे-सोलापूर महामार्गावरचे लोणी देवकर. चारही गावांचे मूळ नाव एकच. ओळख पटते ती मागे लागलेल्या आडनावामुळे.

मराठीत सहसा उलटे घडते. गाव सोडून बाहेर पडलेले घराणे गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून आडनाव घेते. इथे गावानेच घराण्याचे नाव घेतले. अशी नावे बहुधा पाटीलकीच्या वतनातून आली. सारा गोळा करणे, तंट्यांत पंचांना बसवणे, सणावाराला पहिला मान घेणे हे पाटलाचे काम पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात चाले. कागदोपत्री नुसते ‘मौजे लोणी’ लिहून भागत नसे, तेव्हा घराण्याचे नाव जोडणे सोयीचे होते. तळेगावांच्या बाबतीत पाटलांच्या जागी सरदार घराणी आली : एक दाभाड्यांचे, दुसरे ढमढेऱ्यांचे.

या रीतीचा सर्वांत सुंदर नमुना बारामती तालुक्यातच आहे. फलटणजवळच्या निंबळकवरून पवारांच्या एका शाखेला निंबाळकर हे आडनाव पडले आणि ते पुढे वडगावाला लागले. म्हणजे वडगाव निंबाळकर म्हणताना दोन गावांची नावे एका दमात घेतली जातात, त्यांतले एक आडनावात दडलेले.

आडनाव हाच एक मार्ग होता असे नाही. बुद्रुक आणि खुर्द यांनी थोरले-धाकटे ठरते. श्रीगोंद्याच्या लोणीला व्यंकनाथ हे देवाचे नाव आहे, तर आंबेगावातल्या लोणीला शेजारच्या धामणीची जोड.

गावाला आडनाव जोडण्याचे काम फ्रान्सनेही केले, पण सरकारी ठरावाने. पॅरिसजवळच्या मेझाँ गावातला वाडा 1818 मध्ये बँकर जाक लाफित यांनी घेतला आणि 1882 मध्ये गाव मेझाँ-लाफित झाले. लोणीच्या नावामागे असा ठराव नाही. ते वापरानेच रूढ झाले, म्हणून ते अधिक मोलाचे.

1962 च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपली, गावांची आडनावे मात्र टिकली. रेल्वेने लोणी काळभोरच्या स्थानकाला नुसते ‘लोणी’ म्हटले. इंदापूरच्या औद्योगिक वसाहतीला मात्र लोणी देवकर हे पूर्ण नाव मिळाले.