केमो पोर्ट : घरातील हाताळणी

छातीवर, गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीआड बसवलेली नाण्याएवढी डबी. ती टायटॅनियमची किंवा प्लॅस्टिकची असते, वर सिलिकॉनचा जाड पडदा असतो. तिच्यातून निघालेली नळी शिरेवाटे हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडाशी पोहोचते. बाहेर काहीच लोंबत नसल्याने सुई नसताना अंघोळ करता येते, शेतातली हलकी कामेही होतात. जॉन नीडरह्यूबर आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली मिशिगन विद्यापीठातून या उपकरणाचा अहवाल प्रसिद्ध केला.

पोर्टला ह्यूबर सुईच लागते. (नावांचा सारखेपणा निव्वळ योगायोग : ही सुई सिअ‍ॅटलचे दंतवैद्य राल्फ ह्यूबर यांची, १९४०च्या दशकातली.) साधी सुई पडद्याचा बारीक तुकडा कोरून काढते आणि पडदा गळू लागतो. ह्यूबर सुईचे वाकवलेले टोक सिलिकॉन नुसते बाजूला सारते, म्हणूनच पडदा हजारभर टोचण्या सोसतो.

वाशीम जिल्ह्यात पोर्टचा विषय अंतराचा आहे. केमोसाठी नागपूरची वाट धरणाऱ्या रुग्णाला समृद्धी महामार्गाने प्रवास सोपा झाला. पण आतड्याच्या कर्करोगावरील एका प्रचलित उपचारात फ्लुरोयुरॅसिल हे औषध ४६ तास थेंबथेंब द्यावे लागते. ते फुग्यासारख्या छोट्या पंपात भरून रुग्णाला घरी सोडता येते. सोमवारी दुपारी बाराला नागपुरात लावलेला पंप बुधवारी सकाळी दहाला रिसोडात किंवा मानोऱ्यात रिकामा होतो. सुई काढायला तेव्हा पोर्टचे प्रशिक्षण घेतलेली सिस्टर गावातच मिळाली, तर दुसरी खेप वाचते.

सुई लावायची असेल तेव्हा पंखा बंद करावा, सिस्टर आणि रुग्ण दोघांनीही मास्क लावावा. हात धुऊन, निर्जंतुक हातमोजे घालून क्लोरहेक्सिडिनने किमान ३० सेकंद कातडी घासावी. ती आपोआप वाळू द्यावी. फुंकर घालण्याची सवय इथे महागात पडते. डबी बोटांत घट्ट धरून सुई काटकोनात, तळाला टेकेपर्यंत सारावी.

यापुढची पायरी सर्वांत मोलाची : रक्त मागे येते का, ते पाहणे. सिरिंज ओढल्यावर रक्त आले नाही, तर रुग्णाला मान वळवायला, हात वर करायला, खोकायला सांगावे. तरीही न आल्यास औषध सोडू नये, जोरही लावू नये. थेट उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध शिरेबाहेर झिरपले तर मांस जळते. सलाईनने फ्लश करताना १० मिलीची सिरिंज घेतात, कारण लहान सिरिंजमध्ये दाब जास्त चढतो आणि अडलेली नळी फुटू शकते. फ्लश एका दमात न करता थांबतथांबत करावा.

सुई आत राहणार असेल तर सात दिवसांनी बदलतात. काढलेली सुई टोपण न लावता जाड, न टोचणाऱ्या डब्यात टाकावी. घरच्या कचऱ्यात कधीच नाही. फ्लशनंतर हुडहुडी भरून ताप आला, तर पोर्टमध्ये जंतुसंसर्ग झाल्याची शंका धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वापरात नसलेला पोर्टही डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे चार ते बारा आठवड्यांनी फ्लश करावा लागतो. उपचार संपून रुग्ण पेरणीला लागला की नेमकी हीच तारीख हुकते.